चौथ्या मजल्यावरची भुकटी

अहो आई,

काल डॉक्टरांनी मला वजनं उचलायला सांगितली. साठीला टेकलेय, गुडघा दाखवायला गेले होते, तर म्हणाले, गुडघा ठीक आहे, मांड्यांत ताकद नाही. मॅडम, नुसतं चालून भागणार नाही, आठवड्यातून तीन दिवस स्ट्रेंथ ट्रेनिंग करा, आणि खाण्यातून प्रोटीन पुरत नसेल तर पावडर सुरू करू. मला तिथेच हसू फुटलं. त्यांना वाटलं, माझा विश्वास बसत नाहीये, म्हणून बिचारे कागदावर स्नायूंचं चित्र काढून समजावायला लागले. आता त्यांना काय सांगू, की या विषयातलं माझं शिक्षण कधीच पूर्ण झालंय. भाईंदर पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर, आणि शिकवायला माझ्या सासूबाई, म्हणजे तुम्ही, होतात. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. घरी येऊन चहा ठेवला आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. बोलायला समोर तुम्ही नाही, म्हणून हे लिहायला घेतलंय. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं दाखले लिहिले, त्यामुळे अक्षर तेवढं तुम्हाला वाचता येईल असं आहे.

दोन हजार सहा सालचा तो पावसाळा. तुम्ही सदुसष्ट वर्षांच्या, मी एकेचाळीसची. टायफॉइडनं तुम्हाला तीन आठवडे हॉस्पिटलात ठेवलं आणि जाताना तुमचे पाय घेऊन गेला. पाय होते जागेवरच, पण त्यांच्यात काही उरलं नव्हतं. साडी नेसवताना मी बघितलं, मांड्या माझ्या दंडाएवढ्या झाल्या होत्या. घरी आणलं तर पुढे चार मजल्यांचा जिना. शेवटी आपल्या जेवणाच्या टेबलाची खुर्ची खाली नेली आणि बिल्डिंगमधल्या चौघांनी तुम्हाला तिच्यावर बसवून वर आणलं. मला अजून दिसतंय ते. प्रत्येक मजल्यावर दारं उघडतायत, "आलात का मावशी?", "अरे संभालके, संभालके" चाललंय, आणि तुम्ही पदर कपाळाच्याही खाली ओढून बसलायत. वर आल्यावर मी पाणी दिलं, तर पिण्याआधी म्हणालात, "चौघांनी उचलायचं ते एकदाच असतं गं. माझं मेलं आधीच उरकून झालं." मी हसले नाही. तुमच्या तसल्या बोलण्यावर मी तेव्हा हसत नसे.

आठवड्याभरानं तुमच्या मुलानं तुमच्यासमोर बसून विषय काढला. दिवाळीपर्यंत जिना चढता-उतरता आला तर उत्तमच, नाहीतर मग नाशिकला, मोठ्या भावाकडे. त्यांचं घर तळमजल्यावर, पुढे अंगण, अंगणाबाहेर पडलं की रस्ता. इथे चौथ्या मजल्यावर खिडकीत बसून काय करणार? बोलण्यात खोट काढावी असं काही नव्हतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "यंदा दिवाळी कधी आहे?" मला कळत होतं, तुमच्याकडून काय काढून घेतलं जातंय. परळची खोली सोडून इथे आलो तेव्हा तुम्ही महिनाभर रडला होतात, इथे माणसंच नाहीत म्हणाला होतात. आणि मग एकेक करून माणसं गोळा केलीत. केबिन रोडच्या भाजीवाल्याशी तुमचं ते हिंदी, "ऐसा सडेला भेंडी हमको मत दिखाव"; उत्तनहून मासळी घेऊन येणारी बाई तुमच्यासाठी बोंबील बाजूला काढून ठेवायची; दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेन रोज संध्याकाळी खालच्या बाकावर तुमची जागा धरायच्या. नाशिकला सगळं चांगलं होतं, पण तिथे तुम्ही पाहुण्या. इथे घर तुमचं, आम्ही तुमच्याकडे राहणारे. आणि हे सगळं त्या जिन्यापाशी येऊन अडलं होतं.

सिल्व्हर पार्कात एका फिजिओथेरपिस्ट बाईंचं क्लिनिक होतं. तुम्हाला खाली नेता येत नव्हतं, म्हणून त्याच आठवड्यातून दोनदा घरी यायच्या. मराठी छान बोलायच्या, पण चिडल्या की हिंदीत शिरायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी तुम्हाला खुर्चीवरून हात न टेकता उठून परत बसायला सांगितलं. पाच वेळा जमलं, सहाव्यांदा तुम्ही माझा खांदा धरलात. मग त्यांनी तुमचं खाणं विचारलं. सोमवार, गुरुवार, शनिवार उपास; चतुर्थी आणि एकादशी वेगळ्या. उपासाला साबुदाणा, केळं आणि चहा. बाकीच्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या तळाला राहील ती आमटी आणि भात. मासळी असली तर मधले तुकडे मुलाला, शेपटी तुम्हाला. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "माजी, देवाला दिलं, मुलाला दिलं. तो फिर ये पाँव क्या खायेगा?" तुम्हाला ते लागलं नाही, उलट आवडलं, पुढे कितीदा तरी तुम्ही त्यांची नक्कल करून दाखवायचात. डॉक्टरांनी रक्त तपासलं, किडनी ठीक असल्याची खात्री करून घेतली आणि रोज मापाचा एक चमचा प्रोटीन पावडर घ्यायला हरकत नाही म्हणाले. खुर्चीवरच्या उठाबशा, घोट्याला बांधायचे वाळूचे पट्टे, हातात पाण्यानं भरलेल्या बाटल्या, आणि वर ही पावडर. व्यायाम म्हणजे गवंडी, पण गवंड्याला विटा कोण देणार, असं त्या बाई म्हणायच्या.

पावडर आणायला मी केबिन रोडवर गेले. त्यांनी लिहून दिलेली, दुधापासून केलेली पावडर औषधाच्या दुकानात नव्हती, जिमला जाणाऱ्यांच्या दुकानात होती. तिथे भिंतभर नुसते उघडे दंड. दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "बेटा कौनसे जिम में जाता है, आंटी?" मी म्हटलं, "बेटा नहीं, सास है." त्यानं वय विचारलं, मी सांगितलं. तो खुर्चीवरून उठलाच. "माताजी के लिए बिना शक्करवाला लो," म्हणत त्यानं आतून व्हॅनिलाचा डबा आणला आणि फडक्यानं पुसून दिला. तुम्हाला मात्र तो डबा बघून हसावं की रडावं कळेना. वर एक बाप्या छाती काढून उभा. "हा मेला माझ्या स्वयंपाकघरात नको," म्हणालात, आणि त्याचं तोंड भिंतीकडे करून डबा फळीवर ठेवलात. उपासाला चालते की नाही यावर आणखी एक दिवस गेला. शेवटी बेननी निकाल दिला, की दूध चालतं तर दुधाची भुकटी का नाही, आणि व्हॅनिला म्हणजे काही कांदा-लसूण नव्हे. तेव्हापासून आपल्या घरात तिला भुकटीच म्हणायचे.

मग सहा आठवडे काहीही घडलं नाही. व्यायाम तुम्ही मन लावून करत होतात, त्यात लबाडी नव्हती. बेन दुपारी वर येऊन बसायच्या, त्या मला जिन्यात थांबवून सांगायच्या, "बहुत मेहनत करती है तुम्हारी सास." डब्यातली भुकटी रोज एकेका चमच्यानं उतरत होती. सिंकपाशी तुमचा ग्लास धुऊन उपडा घातलेला असायचा. पण उठाबशा काही सातच्या पुढे जाईनात. बाई बुचकळ्यात पडल्या, पुन्हा रक्त तपासून घेऊ म्हणाल्या. तुमच्या मुलानं नाशिकला फोन करून सांगितलं, की भाऊबीजेला गाडी घेऊनच ये, आईला घेऊन जा. तुम्ही आत साड्यांच्या घड्या घालत होतात. फोन ठेवल्यावर मी आत आले, तर घातलेल्या घड्या तुम्ही मोडून परत घालत होतात.

त्याच दिवसांत माझ्या डब्यातल्या चपात्यांना गोडसर वास यायला लागला होता. शाळेत माझ्या शेजारच्या टेबलावरची विचारायची, "काय गं, बेकरीतून चपात्या आणतेस का?" दुपारपर्यंत त्या चिवटही व्हायच्या. मला वाटायचं, गहू बदललाय. कणीक मळायचं काम तेव्हा तुमच्याकडे होतं, बसून करता यायचं म्हणून. लाटायचं नि भाजायचं माझ्याकडे. मुलाला मऊ चपाती लागते म्हणून त्याची कणीक वेगळी मळते, असं तुम्ही सांगितलं होतंत, आणि मला ते लगेच पटलं होतं, कारण मुलाचं सगळं वेगळंच असायचं. गणपती नुकतेच गेले होते. एका सकाळी गजर व्हायच्या आधी मला जाग आली. बाहेर उजाडलं होतं. स्वयंपाकघरात येते तर तुम्ही टेबलापाशी बसलायत, पुढे एक परात आणि एक छोटं ताट. डबा उघडा आहे, आणि तुम्ही मापाचा चमचा काठोकाठ भरून त्या छोट्या ताटातल्या पिठात रिकामा करताय. माझ्या पिठात. मला बघितलंत आणि डब्यावर पदर टाकलात.

मी ओरडले. बिल्डिंगला ऐकू जाईल असं ओरडले. "सहा आठवडे पाणी पिऊन ग्लास उपडा घालताय आणि मला फसवताय? तुम्हाला बरं व्हायचंच नाहीये का? मग जा नाशिकला, बसा त्या अंगणात!" पंधरा वर्षांत मी तुमच्याशी असं बोलले नव्हते. आपण दोघी एकमेकींशी फार जपून वागायचो, भाड्याच्या भांड्यांशी वागावं तसं. तुम्ही चिडला नाहीत. चमचा आत ठेवलात, झाकण घट्ट लावलंत आणि म्हणालात, "तू संध्याकाळी जिना चढतेस ना, ते मी वरून ऐकते. दुसरं काय काम आहे मला? आधी एका दमात यायचीस. आता दुसऱ्यावर थांबतेस, तिसऱ्यावर थांबतेस. सकाळी उभ्याउभ्या चहा ढोसतेस नि पळतेस. गळ्याची हाडं बघ आरशात. माझे पाय गेले तर मला नाशिक आहे. तुझे गेले तर तू कुठे जाशील?" माझा हात गळ्याकडे गेला. तेव्हा तुम्ही जरा खालच्या आवाजात म्हणालात, "आणि घरात दोघी जणी असताना एकटीनं कसं प्यायचं गं? नाही जात घशाखाली."

मी स्टुलावर बसले आणि रडले. अकरावीत होते तेव्हा माझी आई गेली. त्यानंतर माझ्या पानात काय पडतंय हे बघणारं कुणी नव्हतं, आणि कुणी बघावं हे मीही विसरून गेले होते. त्या सकाळी कळलं, की सहा आठवडे कुणीतरी बघत होतं, आणि बघत होतं ते स्वतःचे पाय पणाला लावून. मला तुमचा राग आला होता आणि तुमच्याबद्दल इतकी माया वाटत होती, की दोन्हीचं काय करायचं ते कळेना. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी आपल्यापैकी कुणी उठलं नाही. तुमच्या मुलानं येऊन गॅस बंद केला आणि आपल्याकडे बघून परत आत गेला.

अट तुम्हीच घातलीत. "तू बसून खाशील तर मी पिईन." मी बाईंना फोन करून सगळं सांगितलं. आधी त्या पोट धरून हसल्या, मग रागावल्या. चमचा माजींचाच, म्हणाल्या, त्यात वाटणी नाही. आणि तुला पावडर कशाला हवी, रोज दोन अंडी खा नाहीतर मुगाचं धिरडं आणि दही, पण बसून. तुम्ही शनिवारचा उपास सोडलात. सोमवार-गुरुवार ठेवलेत, पण त्यात दूध, ताक, शेंगदाणे आले. सकाळी सहाला टेबलाशी आपण दोघी. तुम्ही नाक मुरडून घोट घोट घेताय, मी तुमच्या ग्लासावर नजर ठेवून आहे आणि तुम्ही माझ्या ताटलीवर. तुमचा मुलगा डोळे चोळत येऊन विचारतोय, "काय चाललंय दोघींचं?" आणि तुम्ही म्हणताय, "जिम." ते झालं की उठाबशा, तुमच्या खुर्चीवर, माझ्या स्टुलावर. तुमच्या दहा झाल्या, मग बारा. दसऱ्याला तुम्ही एक मजला उतरून परत वर आलात. मग बेननी आपल्या दाराशी एक खुर्ची मांडून ठेवली, म्हणून दोन मजले. पुढचे दोन तुम्ही मला न सांगता, मी शाळेत असताना उतरलात. मला ते भाजीवाल्यानं सांगितलं.

भाऊबीजेच्या सकाळी नाशिकचे दीर गाडी घेऊन आले. त्यांना काही कळवायचं नाही, असा तुम्ही आम्हा दोघांना दम भरला होतात. सकाळी नऊलाच तुम्ही हिरवी साडी नेसून खाली गेटपाशी उभ्या. मी गॅलरीतून बघतेय. ते गाडीतून उतरले, वर आमच्या खिडकीकडे बघून हात हलवला, आणि शेजारी कोण बाई उभी आहे ते बघितलंच नाही. तुम्ही त्यांचा दंड धरलात. "वर काय बघतोस? आण ती पिशवी." मिठाईची पिशवी तुम्ही त्यांच्या हातातून ओढून घेतलीत आणि जिन्याला लागलात. दुसऱ्या मजल्यावर दम लागला होता, पण तो दाखवायचा नव्हता, म्हणून बेनशी अनारशांच्या गप्पा काढल्यात. वर पोचलात तेव्हा धाप दीरांनाच लागली होती. जेवताना ते तुमच्या पायांकडे बघत होते, नाशिकचं नाव त्यांनी काढलं नाही. संध्याकाळी एकटेच परत गेले.

पुढे दोन डबे झाल्यावर बाई म्हणाल्या, आता रोजच्या खाण्यातून पुरतंय, भुकटी बंद केली तरी चालेल. उठाबशा मात्र तुम्ही सोडल्या नाहीत. सहा वर्षं तुम्ही तो जिना चढलात-उतरलात, गेलात त्या दिवशीही सकाळी मेथीची जुडी घेऊन वर आला होतात. माझ्यापुरतं सांगायचं तर मला तुम्ही बसून खायला शिकवलंत. हे ऐकायला फार लहान वाटतं. पण शाळेच्या ऑफिसात मी पुढे सगळ्या बायकांना मधल्या सुट्टीत खाली बसायला लावलं, फाइली बंद करायला लावल्या, डबे उघडून बघितले, कुणी नुसत्या चहा-बिस्किटांवर दिवस काढत असेल तर तुमच्याच आवाजात रागावले. आज हाडं धड आहेत, डॉक्टर फक्त मांड्यांवर नाराज आहेत एवढंच, हे तुमचं देणं आहे. मी हे तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती.

आणखी एक राहिलंय. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये ते बरं आहे, नाहीतर हे लिहायला माझा हात उचलला नसता. नाशिकचं तुमच्या मुलानं ठरवलं, असं तुम्ही शेवटपर्यंत धरून चाललात. त्यानं ते ठरवलं नव्हतं. तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हाच मी जाऊबाईंना फोन करून विचारलं होतं, आईंना तुमच्याकडे ठेवून घ्याल का. नोकरी, घर, तुमचं आजारपण, मला झेपत नव्हतं हे खरं. पण तेवढंच खरं नाही. मला एकदा ते घर माझं एकटीचं हवं होतं. पहिला डबा आणला तोही तुम्ही बऱ्या व्हाव्यात म्हणून कमी, आणि आम्ही सगळं करून बघितलं असं नाशिकला सांगता यावं म्हणून जास्त. सहा वर्षं रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. तुम्ही समोरून "खा" म्हणायचात आणि मी खात राहायचे.

नाशिकचं ऐकल्यावर तुम्ही मुलाशी पंधरा दिवस बोलला नव्हतात. तो जेवायला बसला की तुम्ही उठून आत जायचात. त्याला सगळं माहीत होतं, तरी त्यानं माझं नाव घेतलं नाही, आणि मी त्याला गप्प वाढत राहिले. ते पंधरा दिवस माझे होते, आई.